जुळणारे क्रमांक आणि न जुळणारा इतिहास : अमेरिकी मसल कारच्या इंजिनावरील ओतकामाच्या तारखेची चिकित्सा

बीजसंज्ञा : मसल कार, ओतकामाची तारीख, बांधणीची तारीख, जुळणारे क्रमांक, अस्सलपणा, साधन-चिकित्सा.

प्रस्तावना

एखाद्या वस्तूवर तिच्या निर्मितीची तारीख असली म्हणजे तिच्या इतिहासाचा प्रश्न सुटला, असा सर्वसाधारण समज असतो. साधन-चिकित्सेची शिस्त ज्यांना परिचित आहे, त्यांना मात्र तारीख हा प्रश्नाचा शेवट नसून प्रारंभ असतो हे ठाऊक आहे. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त बनावट भारतीय लेखांची चर्चा केली, तेव्हापासून ताम्रपटावरील मितीला ताम्रपटाच्या लिपीची आणि भाषेची साक्ष लागते, हे येथील अभ्यासकांच्या अंगवळणी पडले आहे. हीच समस्या विसाव्या शतकातील एका अगदी निराळ्या वस्तूच्या बाबतीत नव्याने उभी राहिलेली दिसते. ती वस्तू म्हणजे १९६४ ते १९७२ या काळातील, ‘मसल कार’ या नावाने ओळखली जाणारी अमेरिकी मोटारगाडी.

या गाड्यांचे संग्राहक, लिलावगृहे आणि जीर्णोद्धार करणारे कारागीर यांच्या व्यवहारात ‘जुळणारे क्रमांक’ ही संज्ञा मध्यवर्ती आहे. इंजिनाच्या लोखंडी ब्लॉकवर असलेली ओतकामाची तारीख गाडीच्या बांधणीच्या तारखेशी जुळते की नाही, यावर गाडीचे मोल बऱ्याच अंशी ठरते. प्रस्तुत लेखात या कसोटीचे स्वरूप, तिचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा यांची चिकित्सा केली आहे. ओतकामाची तारीख ही खोटे उघड करण्याची उत्तम कसोटी असली, तरी खरे सिद्ध करण्याची कसोटी म्हणून ती वापरली गेल्यामुळे प्रामाणिक इतिहास असलेल्या वस्तूचे अवमूल्यन होते आणि इतिहास पुसलेल्या वस्तूला मान मिळतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

विषयाची पार्श्वभूमी

१९६४ साली पॉन्टिॲक कंपनीने टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंच क्षमतेचे मोठे इंजिन बसवून जीटीओ ही गाडी बाजारात आणली. मसल कारच्या युगाचा आरंभ सामान्यतः येथून मानला जातो. हलक्या, तुलनेने स्वस्त गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवायचे, असे हे साधे सूत्र होते. १९७० च्या शेव्हेले एसएस या गाडीत मिळणारे ४५४ घन इंचांचे एलएस-६ इंजिन ४५० अश्वशक्तीचे म्हणून जाहीर झाले होते. त्यानंतर विम्याचे वाढते हप्ते, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे हे युग ओसरले.

या पार्श्वभूमीवर एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. मसल कार म्हणजे बहुतांशी सामान्य गाडी अधिक असामान्य इंजिन. सांगाडा, दारे, काचा, आसने यांपैकी बरेच काही त्याच मालिकेतील साध्या गाडीसारखेच असे. म्हणून इंजिन मूळचे आहे की नाही, हा प्रश्न येथे गाडीच्या व्याख्येशीच निगडित होतो. त्यात शेव्हरोलेच्या बाबतीत अडचण अशी की, १९७१ पर्यंत या कंपनीच्या वाहन-ओळखक्रमांकावरून गाडी सहा सिलिंडरची आहे की आठ सिलिंडरची एवढेच कळे. आठ सिलिंडरचे नेमके कोणते इंजिन बसविले होते हे कळत नसे. तो तपशील १९७२ पासून क्रमांकात आला. फोर्ड आणि क्रायस्लर यांच्या त्या काळातील ओळखक्रमांकात मात्र इंजिनासाठी स्वतंत्र संकेताक्षर असे. फोर्डच्या १९६७ पासूनच्या उत्पादन-नोंदी मार्टी ऑटो वर्क्स या संस्थेमार्फत उपलब्ध होतात आणि पॉन्टिॲकच्या गाड्यांच्या कारखाना-देयकांच्या नोंदीही मिळू शकतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या शेव्हरोले गाड्यांसाठी असा सर्वंकष दफ्तरसंग्रह संशोधकाच्या हाती नाही. कागद नसल्यामुळे तेथे धातूलाच साक्षीला बोलवावे लागते. ओतकामाच्या तारखेला आलेले अवाजवी महत्त्व या अभावातून निर्माण झाले आहे.

धातूवरील तीन नोंदी

इंजिनाच्या ब्लॉकवर परस्परांपासून भिन्न अशा तीन प्रकारच्या नोंदी आढळतात. त्यांतील भेद स्पष्ट नसल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो.

पहिली नोंद ओतकामाच्या क्रमांकाची. हा क्रमांक साच्याच्या रचनेचा असतो. विशिष्ट ब्लॉकचा नव्हे. ३९७००१० हा शेव्हरोलेचा क्रमांक याचे उत्तम उदाहरण होय. १९६९ मध्ये प्रचारात आलेली ही रचना सत्तरच्या दशकातही दीर्घकाळ चालू राहिली आणि साध्या घरगुती गाड्या, मालवाहू ट्रक व वेगवान कॅमेरो अशा अनेक वाहनांत वापरली गेली. केवळ हा क्रमांक ‘बरोबर’ असणे म्हणजे लाखो ब्लॉकपैकी एक असणे होय. फोर्डच्या बाबतीत ‘सी९’ ने आरंभ होणारा क्रमांक १९६९ ची रचना सुचवितो. तथापि ती रचना १९७० च्या गाडीतही येऊ शकते. त्यामुळे रचनेचे वर्ष आणि ओतकामाचे वर्ष यांची गल्लत करणे घातक ठरते.

दुसरी नोंद ओतकामाच्या तारखेची. फाउंड्रीत वाळूचा साचा तयार करताना पॅटर्नवर बदलता येण्याजोगी छोटी अक्षरे बसवीत आणि ती रोज बदलीत. परिणामी ब्लॉकवर तारीख उठावदार उमटे. शेव्हरोलेच्या पद्धतीत प्रथम महिन्याचे अक्षर, मग दिवस आणि शेवटी वर्षाचा अंत्य अंक येतो. ‘सी १४ ९’ याचा अर्थ १४ मार्च १९६९. फोर्डच्या पद्धतीत वर्षाचा अंक प्रथम येतो आणि तीच तारीख ‘९ सी १४’ अशी लिहिली जाते. क्रायस्लरच्या ब्लॉकवर महिना, दिवस आणि वर्ष बहुधा सरळ अंकांतच आढळतात.

तिसरी नोंद ठोकून उमटवलेल्या संकेतांची. इंजिन जोडून पूर्ण झाले की त्याच्या पुढील भागातील सपाट पट्टीवर जोडणीच्या कारखान्याचे अक्षर, महिना, दिवस आणि इंजिनाच्या प्रकाराचा संकेत ठोकला जाई. ‘व्ही०३२४डीझेड’ या संकेतावरून इंजिन फ्लिंट येथे २४ मार्च रोजी जोडले गेले आणि ते १९६९ च्या कॅमेरो झेड-२८ साठीचे ३०२ घन इंचांचे होते, असे वाचता येते. १९६८ च्या मॉडेल-वर्षापासून जनरल मोटर्सच्या इंजिनांवर गाडीच्या ओळखक्रमांकाचा संक्षेपही ठोकला जाऊ लागला. हा संक्षेप मूलतः चोरीला आळा घालण्यासाठी होता. पुढे तो संग्राहकांच्या दृष्टीने जन्मदाखला ठरला.

पहिल्या दोन नोंदी लोखंड वितळलेल्या अवस्थेत असताना उमटतात. तिसरी थंड धातूवर हातोडीने उमटते. या तांत्रिक भेदाचे चिकित्सेच्या दृष्टीने फार महत्त्व आहे. उठावदार अक्षर नव्याने निर्माण करणे कठीण असते, तर खोलगट अक्षर घासून पुन्हा ठोकणे तुलनेने सोपे असते. त्यामुळे ओतकामाची तारीख ही ठोकलेल्या संकेताची उलटतपासणी घेणारी साक्षीदार म्हणून पुढे येते.

वाचनातील अडचणी

ही साक्ष वाचताना किमान तीन ठिकाणी सावधगिरी बाळगावी लागते.

पहिली अडचण दशकाची. वर्षाचा केवळ शेवटचा अंक दिलेला असल्याने ‘९’ हा अंक १९५९, १९६९ किंवा १९७९ यांपैकी कोणत्याही वर्षाचा असू शकतो. येथे ओतकामाचा क्रमांक साहाय्यास येतो. ती रचना ज्या वर्षांत अस्तित्वातच नव्हती ती वर्षे वगळता येतात. मात्र दीर्घकाळ चाललेल्या रचनेबाबत संदिग्धता उरू शकते.

दुसरी अडचण महिन्यांच्या अक्षरांची. शेव्हरोलेच्या पद्धतीत जानेवारीसाठी ‘ए’ पासून डिसेंबरसाठी ‘एल’ पर्यंत सर्व अक्षरे सलग येतात. फोर्डच्या पद्धतीत ‘आय’ हे अक्षर एकाशी साम्य असल्यामुळे गाळलेले आहे. परिणामी ‘जे’ हे अक्षर शेव्हरोलेच्या ब्लॉकवर ऑक्टोबर दर्शविते, तर फोर्डच्या ब्लॉकवर सप्टेंबर. एका कंपनीची परिभाषा दुसरीला लावणाऱ्या वाचकाची सप्टेंबरपासून पुढची प्रत्येक तारीख एका महिन्याने चुकते.

तिसरी अडचण मॉडेल-वर्ष आणि पंचांगवर्ष यांतील तफावतीची. अमेरिकी कंपन्या साधारणतः आधीच्या वर्षाच्या उन्हाळ्याअखेरीस नव्या मॉडेलचे उत्पादन सुरू करीत. त्यामुळे सप्टेंबर १९६८ मध्ये बांधलेल्या १९६९ च्या कॅमेरोत ऑगस्ट १९६८ चे, म्हणजे ‘एच’ आणि ‘८’ अशी नोंद असलेले इंजिन असणे पूर्णतः स्वाभाविक आहे. ‘८’ पाहून ते इंजिन परके ठरविणे ही चूक होय. याउलट १९७० ची कॅमेरो लांबणीवर पडल्याने १९६९ च्या मॉडेलचे उत्पादन त्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत चालले. म्हणून ऑक्टोबर १९६९ मध्ये ओतलेले इंजिनही अशा एखाद्या गाडीत योग्य ठरते. उत्पादनाच्या इतिहासाचे ज्ञान नसेल, तर अचूक वाचलेली तारीखही चुकीचा निष्कर्ष देते.

कालक्रमाची कसोटी

या सर्व नोंदी एकत्र आल्या म्हणजे कालक्रमाची एक साखळी तयार होते. प्रथम ओतकाम, नंतर यंत्रकाम व जोडणी आणि शेवटी गाडीची बांधणी. उदाहरणादाखल नॉरवुड (ओहायो) येथे बांधलेली १९६९ ची कॅमेरो घेता येईल. तिच्या पुढील काचेखालच्या आडव्या पत्र्यावरील छोट्या पट्टीवर ‘०४सी’ अशी नोंद आहे. म्हणजे तिचा सांगाडा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातील आहे. ब्लॉक १४ मार्चला ओतला गेला आणि इंजिन २४ मार्चला जोडले गेले असेल, तर साखळी निर्दोष आहे. पण ओतकामाची तारीख २ मे निघाली, तर इतर कोणताही पुरावा न पाहता ते इंजिन त्या गाडीत मूळचे नव्हते असे म्हणता येते. जे लोखंड एप्रिलमध्ये अस्तित्वातच नव्हते ते एप्रिलमध्ये बसविले जाणे अशक्य आहे.

तारीख गाडीच्या बांधणीच्या फार आधीची असेल तर मात्र असा ठाम निर्णय देता येत नाही. ओतकाम आणि बांधणी यांतील अंतर सामान्यतः काही आठवड्यांचे असते. परंतु कमी खपाची इंजिने काही काळ साठ्यात पडून राहत, संपामुळे उत्पादन थांबे आणि कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस कारखान्यापर्यंत इंजिन पोहोचण्यास नॉरवुडपेक्षा अधिक अवधी लागे. कॉर्व्हेट गाड्यांच्या परीक्षणात साधारण सहा महिन्यांची मर्यादा मानण्याचा प्रघात आहे. या क्षेत्रातील नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी ही संस्था १९७४ मध्ये स्थापन झाली. सहा महिन्यांची ही मर्यादा अनुभवजन्य संकेत आहे, निसर्गनियम नव्हे. सात महिन्यांपूर्वीचे इंजिन अशक्य नसते आणि सात दिवसांपूर्वीचे इंजिन मूळचेच असते असेही नाही.

येथेच या कसोटीचे तार्किक स्वरूप स्पष्ट होते. तारीख न जुळणे हा निर्णायक नकार असू शकतो. तारीख जुळणे ही केवळ शक्यतेची ग्वाही असते. मार्च १९६९ मधील त्याच दिवशी त्याच साच्यांतून असंख्य ब्लॉक ओतले गेले आणि ते अनेक गाड्यांत विखुरले. त्यांपैकी प्रत्येक ब्लॉक उपरोक्त कॅमेरोच्या कालक्रमात बसतो. पण मूळचा त्यांपैकी एकच. बाजारात प्रचलित असलेला ‘तारीख जुळते म्हणून इंजिन मूळचे’ हा युक्तिवाद तर्कशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकातील दोषाचे उदाहरण म्हणून देता येईल.

‘तारखेने योग्य’ इंजिनाची समस्या

या तर्कदोषाचा लाभ घेणारी एक संपूर्ण व्यवस्था कालांतराने उभी राहिली. मूळ इंजिन हरवलेल्या गाडीसाठी योग्य क्रमांकाचा व योग्य तारखेचा ब्लॉक शोधून बसविणे या प्रथेला ‘तारखेने योग्य’ असे म्हटले जाते. असे इंजिन तसे जाहीर करून बसविले, तर त्यात आक्षेपार्ह काही नाही. मूळ वास्तूची हरवलेली कमान त्याच खाणीच्या दगडातून घडविण्यासारखे ते आहे.

खरा प्रश्न पुढच्या पायरीवर निर्माण होतो. योग्य तारखेचा ब्लॉक हाती आला की त्याच्या सपाट पट्टीवरील जुने संकेत घासून काढायचे आणि त्या जागी हव्या त्या गाडीचा क्रमांक ठोकायचा, हा प्रकार या क्षेत्रात सर्वज्ञात आहे. त्याचा शोध घेणारी तंत्रेही विकसित झाली आहेत. कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ब्रोच नावाच्या दातेरी हत्याराने एकाच दिशेने तासला जात असे. त्यामुळे पट्टीवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा राहत. घासकाम केल्यास त्या नाहीशा होतात. म्हणून अनुभवी परीक्षक संकेत वाचण्यापूर्वी त्याखालील रेषा पाहतो. मग रेषाही कृत्रिमरीत्या उमटविण्याचे प्रयत्न होतात, अक्षरांच्या ठशांचे वळण जुळविले जाते आणि क्वचित ओतकामाच्या तारखेतील एखादा अंक घासून दुसरा चिकटविला जातो. परीक्षणाचे ज्ञान जितके प्रसिद्ध होते तितके ते बनावटगिरीची पाठ्यपुस्तिका ठरते. हस्तलिखिते आणि जुनी नाणी यांच्या अभ्यासकांना ही शोकांतिका अपरिचित नाही.

या व्यवहारात ज्या वस्तूची हानी होते तिच्याकडे क्वचितच लक्ष दिले जाते. योग्य तारखेचा ब्लॉक कोठून तरी आलेला असतो. तो एखाद्या साध्या कौटुंबिक गाडीचा किंवा मालवाहू ट्रकचा असतो आणि त्याच्यावर त्या वाहनाची खरी नोंद असते. ती घासून काढली जाते तेव्हा एक खोटा दस्तऐवज तयार करण्यासाठी एक खरा दस्तऐवज नष्ट केला जातो. सामान्य माणसाच्या सामान्य गाडीला संग्राहकांच्या बाजारात मोल नसल्यामुळे तिच्या इतिहासाच्या नाशाची नोंदही राहत नाही. विसाव्या शतकातील औद्योगिक संस्कृतीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास ही हानी भरून काढता येण्यासारखी नाही.

कारखान्याच्या नोंदींतील सुसंगतीविषयीही एक निरीक्षण नोंदविणे उचित होईल. सिलिंडर हेड, मॅनिफोल्ड, गिअरबॉक्सचे कवच, मागील आस या सर्व ओतीव भागांवर स्वतंत्र तारखा असतात. परस्परनिरपेक्ष अशा अनेक साक्षी एकाच कालखंडाकडे निर्देश करतात तेव्हा निष्कर्षाचे बळ वाढते, हे खरे. परंतु आज हे सर्व भाग तारखेनुसार स्वतंत्रपणे विकत मिळत असल्याने त्या साक्षी परस्परनिरपेक्ष राहिल्या आहेत असे गृहीत धरता येत नाही. कारखान्यातील भागांचा पुरवठा काहीसा विस्कळीत असे. एखादा भाग आठवड्यापूर्वीचा तर दुसरा तीन महिन्यांपूर्वीचा असे. म्हणून सर्व तारखा अतिशय नीटनेटकेपणे एकाच आठवड्यात येत असतील, तर चिकित्सक अभ्यासकाने निश्चिंत न होता अधिक सावध व्हावे.

बदललेले इंजिन, खरा इतिहास

मसल कारचे स्वरूप पाहता तिचे मूळ इंजिन टिकणे हा अपवाद असावा, यात नवल नाही. या गाड्या वेगासाठी घेतल्या जात आणि शर्यतीत धावत. १९६९ मध्ये ॲल्युमिनियमचे ४२७ घन इंचांचे इंजिन असलेल्या झेडएल-१ कॅमेरो केवळ ६९ बांधल्या गेल्या आणि त्यांचा हेतू ड्रॅग शर्यतीचाच होता. अशा वापरात इंजिन निकामी होणे हे त्या गाडीच्या जीवनक्रमाशी सुसंगतच होते. हमीच्या काळात इंजिन बिघडल्यास कंपनी नवा ब्लॉक देत असे. शेव्हरोलेच्या अशा बदली ब्लॉकवर ‘सीई’ ही अक्षरे आढळतात.

असा ‘सीई’ ब्लॉक असलेली गाडी विचारात घेतल्यास प्रचलित कसोटीतील विसंगती स्पष्ट होते. तिच्या मालकाने ती जोरात चालविली, इंजिन फुटले आणि कंपनीने ते बदलून दिले. तिच्या ब्लॉकवरील तारीख बांधणीच्या नंतरची असणार, हे उघड आहे. बाजाराच्या भाषेत ती ‘न जुळणारी’ गाडी होय. तथापि तिच्यावरील प्रत्येक नोंद सत्य आहे. याउलट दुसऱ्या वाहनाचा ब्लॉक घासून, नवा क्रमांक ठोकून सजविलेली गाडी ‘जुळणारी’ म्हणून मिरवू शकते. तिच्यावरील महत्त्वाची नोंद मात्र असत्य असते. ज्या निकषात पहिलीचे मोल घटते आणि दुसरीचे वाढते, तो निकष सत्याचा नसून साफसुथऱ्या दिसण्याचा आहे, असेच म्हणावे लागेल.

या निकषामागील आर्थिक दबाव दुर्लक्षिण्यासारखा नाही. हेमी इंजिन असलेल्या १९७१ च्या प्लिमथ कुडा कन्व्हर्टिबल केवळ ११ बांधल्या गेल्या. त्यांपैकी एक २०१४ साली लिलावात ३५ लाख डॉलरना विकली गेली. एकेकाळी तरुण कामगाराला हप्त्यांवर परवडावी म्हणून निर्माण झालेल्या वाहनप्रकाराची दुर्मिळ उदाहरणे अशा रकमांना पोहोचतात, तेव्हा लोखंडावरील एकेका अक्षराला हुंडीचे स्वरूप येते.

अस्सलपणाच्या संकल्पनेची फेरतपासणी

वॉल्टर बेंजामिन यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे एकमेवपण लोप पावते, असे प्रतिपादन केले होते. मसल कारच्या बाबतीत उलट प्रक्रिया घडलेली दिसते. हजारोंच्या संख्येने निघालेल्या, मुद्दाम एकसारख्या घडविलेल्या वस्तूवर एकमेवपण मागाहून लादले गेले आणि त्यासाठी कारखान्याच्या अंतर्गत सोयीच्या खुणांचा आधार घेतला गेला. ओतकामाची तारीख संग्राहकासाठी नव्हती. सदोष ओतकामाचा माग काढता यावा, एवढाच तिचा हेतू होता. साधनाचा मूळ हेतू आणि त्याचा पुढील उपयोग यांत अंतर असणे गैर नाही. इतिहासाची बहुतेक उत्तम साधने अशीच असतात. परंतु साधनाला त्याच्या मूळ हेतूपलीकडचे प्रश्न विचारताना ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, याची जाण असावी लागते.

वास्तुसंवर्धनाच्या क्षेत्रात या प्रश्नावर अधिक परिपक्व विचार झालेला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार हरवलेल्या भागाच्या जागी बसविलेला नवा भाग एकंदर वास्तूशी सुसंवादी असावा; पण मूळ भागापासून वेगळा ओळखता यावा, अन्यथा जीर्णोद्धार हाच पुरावा खोटा पाडतो. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने पुढे जाऊन अस्सलपणाचे निकष सांस्कृतिक संदर्भानुसार ठरतात हे मान्य केले. मसल कारचा बाजार व्हेनिस सनदेच्या नेमक्या उलट दिशेने जातो. तेथे बदललेला भाग ओळखता येऊ नये, हेच कौशल्य मानले जाते. सनदेने ज्याला दोष मानले तोच येथे गुण ठरला आहे.

यावर असा प्रतिवाद संभवतो की, वाहन ही वास्तू नव्हे. तिचे भाग झिजतात व बदलतात आणि म्हणून कारखान्यातून निघालेल्या अवस्थेचे पुनर्निर्माण हेच तिच्या बाबतीत उचित ध्येय होय. हा प्रतिवाद काही अंशी ग्राह्य आहे. टायर, रबरी नळ्या किंवा गादीचे कापड यांच्याबाबत मूळ वस्तूचा आग्रह व्यवहार्य नाही. तथापि पुनर्निर्माणाचे ध्येय स्वीकारले तरी त्यातून खोटी नोंद ठोकण्याचे समर्थन निघत नाही. कोऱ्या पट्टीचा बदली ब्लॉकही गाडीला तेवढ्याच वेगाने धाववितो आणि हूड उघडल्यावर तसाच दिसतो. क्रमांक ठोकल्याने गाडीच्या रूपात किंवा कार्यात काहीही भर पडत नाही. भर पडते ती केवळ तिच्याविषयीच्या विधानात, आणि ते विधान खोटे असते.

भारतीय संदर्भ

हा प्रश्न केवळ अमेरिकी छंदापुरता मर्यादित नाही. अमेरिकेतील वाहनाच्या मालकीपत्रावर सामान्यतः वाहन-ओळखक्रमांकच असतो. इंजिनाचा स्वतंत्र क्रमांक नसतो. भारतात मात्र नोंदणी प्रमाणपत्रावर चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक हे दोन्ही असतात आणि इंजिन बदलल्यास त्याची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. येथील प्रशासकीय पद्धतीत इंजिन बदलणे हा कलंक नसून नोंद करण्याजोगी घटना आहे. अमेरिकी संग्राहकांच्या व्यवहारात ज्या दुव्याचा अभाव जाणवतो, तो दुवा येथे साध्या आर. सी. बुकाने पुरविलेला आहे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने यांत समाविष्ट होतात. ‘मूळ स्वरूप’ ही संज्ञा अशा रीतीने भारतीय नियमांतही आली आहे. तिचा अर्थ लावताना नोंदवून घेतलेला प्रामाणिक बदल आणि लपविलेला बदल यांत फरक केला जाणार की नाही, हा प्रश्न येथेही उपस्थित होणारच. अमेरिकी अनुभवाचा उपयोग या टप्प्यावर करून घेता येईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ओतकामाचा क्रमांक, ओतकामाची तारीख आणि ठोकलेला संकेत ही तीन भिन्न साधने आहेत. त्यांची साक्ष स्वतंत्रपणे वाचून मगच ती एकत्र ताडून पाहावी.

२. ओतकामाची तारीख बांधणीच्या तारखेनंतरची असल्यास इंजिन मूळचे नाही, हे सिद्ध होते. ती आधीची व सुसंगत असल्यास इंजिन मूळचे असण्याची केवळ शक्यता सिद्ध होते.

३. ‘जुळणारे क्रमांक’ या एकाच संज्ञेखाली मूळचे इंजिन, कालसुसंगत बदली इंजिन आणि नव्याने क्रमांक ठोकलेले इंजिन असे तीन वेगळे प्रकार झाकले जातात. परीक्षण, लिलाव आणि लेखन या तिन्ही व्यवहारांत त्यांसाठी स्वतंत्र संज्ञा वापरणे आवश्यक आहे.

४. बदली ब्लॉकवरील जुनी नोंद घासून काढणे हे दोन वाहनांच्या इतिहासाचे नुकसान आहे. कोणतेही यंत्रकाम करण्यापूर्वी पट्टीची छायाचित्रे आणि मोजमापे जतन करण्याची प्रथा रुजली, तर हे नुकसान काही अंशी टळू शकेल.

५. हमीतील बदली इंजिन किंवा शर्यतीत बदललेले इंजिन हा दोष न मानता वाहनाच्या चरित्राचा भाग मानला जावा. त्यासाठी बाजाराच्या शब्दावलीपेक्षा संवर्धनशास्त्राची आणि साधन-चिकित्सेची शब्दावली अधिक उपयुक्त आहे.

सारांश, फ्लिंट किंवा टोनावांडा येथील कारखान्यांतून निघालेल्या इंजिनावरील चार अक्षरे त्या विशिष्ट दिवशी एका कामगाराने पॅटर्नवर बसविली होती, एवढे ती निश्चित सांगतात. ते लोखंड पुढे कोणकोणत्या गाड्यांत फिरले आणि कोणाच्या हातांतून गेले, हे सांगण्याचे काम कागदपत्रांचे, मालकांच्या साक्षींचे आणि चिकित्सक अभ्यासकाचे आहे. तारखेवर ते ओझे लादण्याचे सोडले, तर तिची मर्यादित पण भक्कम साक्ष अधिक विश्वासाने वापरता येईल.